पाच घरांचं एक घर

मे महिन्यातला दुसरा रविवार, सकाळची वेळ. आमच्या घराची कौलं विकली गेली तो दिवस. दर ठरला नगाला अकरा रुपये. हजर होतो मी, माझी बायको, टेम्पोवाला आणि कौलं घेणाऱ्या शेजारच्या ताई.

त्यांनी पहिलं कौल उचललं, डाव्या हातावर तोललं, उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्यावर ठोकलं आणि कान जवळ नेला.

“वाजतंय,” त्या म्हणाल्या आणि कौल उजवीकडे ठेवलं. पुढचं उचललं, ठोकलं. त्याचा आवाज बद्द आला. “हा नग गेला.” ते डावीकडे.

उरलेली कौलं न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला घाई होती. ताई, दहा-दहाची चळत एकदम बघा की, असं त्यानं सुचवलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “तू चार टायर एकदम बघतोस का रे, की एकेक?” तो सावलीला जाऊन उभा राहिला. माझी बायको चहा करून आणते म्हणून आत गेली आणि तशीच परत आली. स्वयंपाकघर आदल्या दिवशीच रिकामं झालं होतं, हे ती विसरली होती.

आमचं घर पाडायचं होतं आणि त्या जागी चार मजली इमारत यायची होती. शेजारी त्यांचं घर, हुबेहूब आमच्यासारखं, आणि ते पाडायचं नव्हतं. म्हणजे पाडता येत नव्हतं. या दोन वाक्यांतला फरक पहिल्या झटक्यात लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शरणपूर रस्त्याच्या मागे आमची गल्ली. शंभरेक वर्षांपूर्वी हे गावाबाहेर होतं. पंचवटीतली, जुन्या नाशकातली माणसं इकडे टांग्यानं यायची म्हणतात. पाच मित्रांनी इथे शेजारी शेजारी जागा घेतल्या आणि खर्च वाचावा म्हणून एकच नकाशा, एकच मिस्त्री आणि मालाची एकच ऑर्डर अशा बेतानं पाच घरं बांधली. उंच दगडी जोतं, पुढे व्हरांडा, व्हरांड्याच्या कडेनं कातीव लाकडी झालर, वर मंगलोरी कौलं, आणि मागचं अंगण ओलांडून न्हाणीघर व संडास. त्या पाच जणांबद्दल मला आदर आहे. त्यांचा हिशेब पक्का होता. त्यांतले एक या ताईंचे आजोबा. आमचं घर माझ्या वडिलांनी पुढे दुसऱ्या एकाच्या वारसांकडून विकत घेतलं.

मग शहरातल्या जुन्या, जपण्याजोग्या घरांची यादी करायला माणसं आली. ताईंचे वडील तेव्हा होते. त्यांना तो मोठाच मान वाटला. त्यांनी आलेल्यांना सगळं घर फिरवून दाखवलं, शिडी लावून माळ्यावर चढवलं, पोहे खाऊ घातले, आणि घर यादीत आल्याचं कळलं तेव्हा गल्लीत पेढे वाटले. आम्हीही खाल्ले. आमचं घर यादीत आलं नाही, कारण माझ्या वडिलांनी फार पूर्वी पुढच्या व्हरांड्यावर सिमेंटचा स्लॅब टाकला होता, लोखंडी जाळी ठोकली होती आणि दर्शनी भिंतीला बाथरूमच्या फरशा चिकटवल्या होत्या. पाहणीला आलेली एक मुलगी आमच्या फाटकातूनच चुकचुकून परत गेली. वडिलांना ते लागलं होतं. पण पुढे त्या स्लॅबनंच आम्हाला मोकळं केलं, आणि ताई पेढ्यांत अडकल्या.

यादीतलं घर पाडता येत नाही. बाहेरून बदलता येत नाही. दुरुस्ती करायची तर मुळाबरहुकूम. ज्या कारखान्याचा शिक्का त्या कौलांवर आहे तो बंद होऊन जमाना झाला. मग मुळाबरहुकूम कौल आणायचं कुठून? त्याच ऑर्डरमधल्या दुसऱ्या घरावरून. आणि दुसऱ्या घरावरचं कौल मिळतं केव्हा? ते घर पडतं तेव्हा.

आधी कोपऱ्यावरचं घर गेलं. तिथे दवाखाना झाला. मग त्याच्या शेजारचं, मग मधलं. दर वेळी पाडणाऱ्यांच्या आधी ताई फाटकाशी हजर. पायात कॅनव्हासचे बूट, साडीचा पदर खोचलेला, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पाना, पक्कड, पेचकस, तेलाची बाटली. घरातली माणसं अजून देव हलवत असायची आणि यांचा डोळा बिजागऱ्यांवर. पाडकाम करणारे मुकादम त्यांना ओळखायला लागले. ताई दिसल्या की ते आपल्या माणसांना घण खाली ठेवायला सांगायचे. पहिला हात त्यांचा.

याचा बोभाटा झालाच. पलीकडच्या गल्लीत एकीच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या असताना त्यांनी दाराच्या पितळी कडीवरून सहज बोट फिरवलं. त्या बाईनं बोट धरून बाजूला केलं. म्हणाली, “ताई, आमचं अजून काही ठरलेलं नाही.”

“ठरलं की सांगा,” ताई म्हणाल्या आणि वाण घेऊन निघाल्या.

अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली होती. तिथला नियम असा, की जुना भाग जमा करा, मग नवा मिळेल. निवृत्त झाल्या तरी त्यांनी तो सोडला नाही. आमच्याकडे लोणचं आलं की रिकामी बरणी परत गेल्याशिवाय दुसरं यायचं नाही. प्रत्येक वस्तू हा त्यांच्या लेखी नग, आणि माणसंसुद्धा. माझा मेहुणा लग्न ठरल्यावर होणाऱ्या बायकोला घेऊन आला तेव्हा त्यांनी दोघांना नीट न्याहाळलं आणि तिला म्हणाल्या, “नग चांगला आहे. पण सांभाळून वापर, सुटे भाग मिळत नाहीत.” मी सातपूरला एका कंपनीत कॉस्टिंगचं काम बघतो आणि इमारतीचे हिशेबही माझ्याकडे असतात, म्हणून मी त्यांचा ‘हिशेबनीस’. नावानं त्यांनी मला कधी हाक मारली नाही.

लोकांना वाटायचं की बाईंचा घरावर फार जीव आहे. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, हातात कौल घेतलेला, आणि खाली घर जपणाऱ्या हातांबद्दल काहीतरी गोड मजकूर. त्यांनी तो वाचला, मग आपला हात माझ्यापुढे पसरला. चुन्यानं बोटांना भेगा पडल्या होत्या. “यांना विचारा, जपायचंय का,” त्या म्हणाल्या.

वाकडं बोलायचं म्हणून त्या असं बोलत नव्हत्या. त्यांना तिथून निघायचं होतं आणि ते त्या मला स्वच्छ सांगायच्या. गुडघे गेले होते. जोतं उंच, दर वेळी कठडा धरून उतरायचं. मागचं अंगण ओलांडल्याशिवाय संडास नाही, आणि नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. आत न्हाणीघर करावं म्हणून त्यांनी अर्ज केला होता. परवानगी मिळाली, फक्त पाण्याची नळी मूळ दगडी जोत्याला छेद न देता न्यायची होती. नळी कुठून न्यायची हे लिहिलेलं नव्हतं.

विकायचं म्हटलं तर गिऱ्हाईक घराला नव्हे, जागेला येतं, आणि जागा रिकामी करता येत नाही. शिवाय घरात अर्धा हिस्सा पुण्याच्या धाकट्या भावाचा. तो फोनवर म्हणायचा की ताई, थांब, असं घर आता एकच उरलंय, किंमत वाढत चाललीय. त्याचं गणित चूक नव्हतं. एकेक घर पडत गेलं तसं त्यांच्या घराचं मोल खरंच वाढत होतं, आणि ते मोल देणारं कोणी उरत नव्हतं. ते वाढावं म्हणून त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त गळती थांबवली होती.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घर सुंदर होतं. ऐन मे महिन्यात व्हरांड्यात बसलं की पंखा लागत नसे. दुपारचं ऊन झालरीतून फरशीवर उतरायचं तेव्हा माझ्यासारखा माणूससुद्धा दोन मिनिटं बोलायचा थांबायचा. चित्रकलेच्या वर्गातली मुलं वह्या घेऊन चित्रं काढायला यायची आणि किती छान, किती छान म्हणत राहायची. ताई त्यांना चहा देऊन म्हणायच्या, “छान आहे ना? मग राहा आठ दिवस. पौषात या.”

आमची इमारत झाली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो. पहिल्याच हिवाळ्यात ताई न्हाणीघराच्या दाराशी घसरल्या आणि मनगट मुरगळून घेतलं. माझ्या बायकोनं त्यांना बजावलं की उद्यापासून आंघोळीला आमच्याकडे यायचं. त्यांनी आढेवेढे घेतले, बदल्यात काय द्यायचं ते विचारलं, आणि लोणच्यावर सौदा ठरला.

तेव्हापासून रोज सकाळी, खांद्यावर टॉवेल, पिशवीत कपडे आणि साबणाची डबी घेऊन शहरातल्या एका नामांकित घराची मालकीण आमच्या लिफ्टपाशी यायची. लिफ्ट त्यांना फार आवडायची. दार बंद होताना त्या जरा ताठ उभ्या राहायच्या, फोटो काढून घेताना राहतात तशा. आंघोळ झाली की गॅलरीत चहा. आमच्या गॅलरीतून त्यांचं छप्पर पुरतं दिसतं, मागचं अंगण मात्र दिसत नाही. चहा पिता पिता त्या छपरावरून नजर फिरवायच्या. “आढ्याखाली तुमचं कौल सरकलंय,” असं सांगायच्या. तुमचं म्हणजे आमच्या घरावरून गेलेलं. शेजारचं मधल्या घराचं, त्याच्या खालचं कोपऱ्यावरच्या घराचं. मला सगळी सारखीच दिसायची.

मग एक गिऱ्हाईक आलं. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. त्यांना जागा हवी होती, रक्कम चांगली देत होते, पुण्याचा भाऊही लगेच तयार झाला. अट एवढीच की घर यादीतून निघायला हवं. डॉक्टर दिवाळीपर्यंत थांबायला कबूल झाले.

ताईंनी त्याच आठवड्यात पाथर्डी फाट्याला एक लहानसा फ्लॅट बघितला. मला आणि बायकोला घेऊन गेल्या. बिल्डरचा माणूस गॅलरीतलं दृश्य दाखवत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सरळ झोपायच्या खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. आम्ही बाहेर उभे. दिवा लागल्याचा, मालवल्याचा, पुन्हा लागल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या.

“कोरडं आहे,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी इसार दिला.

अर्ज मी लिहून दिला. मुद्दा साधा होता. मी त्यांच्याबरोबर घरभर फिरून मोजणी केली होती. छपराची निम्म्याहून जास्त कौलं दुसऱ्या चार घरांची. पुढचं दार मधल्या घराचं, दोन खिडक्या कोपऱ्यावरच्या, झालरीच्या तीन फळ्या आणि झाडून सगळ्या बिजागऱ्या बाहेरच्या. म्हणजे आजोबांनी बांधलेलं मूळ घर जागेवर फारसं उरलेलंच नाही. जे मूळ नाही ते जपायचं कशाला? मला अजूनही वाटतं की अर्ज बिनतोड होता.

यादी ठरवणाऱ्या समितीच्या वतीनं दोघं पाहणीला आले. एक वास्तुविशारद बाई आणि एक अधिकारी. मी रजा काढून हजर राहिलो. ताईंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की विचारतील तेवढंच बोला. त्या म्हणाल्या, “स्टोअरमध्ये ऑडिट बघितलंय मी. शिकवू नका.”

सुरुवात चांगली झाली. बाई प्रत्येक गोष्टीपाशी थांबत होत्या, ताई हे बाहेरचं, हेही बाहेरचं असं म्हणत होत्या, अधिकारी खुणा करत होता. व्हरांड्यात आल्यावर बाईंनी झालरीकडे मान वर करून पाहिलं.

“या तीन फळ्या नव्या दिसतात,” त्या म्हणाल्या. “सातपूरला मशीनवर कापून मिळतात हल्ली. नक्कल छान जमलीय.”

मी मनात म्हटलं, झालं काम. आता नुसतं हो म्हणायचं. हो सुद्धा नको, गप्प राहिलं तरी पुरे.

“नक्कल?” ताई म्हणाल्या.

“म्हणजे वाईट नाहीये हो...”

“थांबा.”

त्यांनी आतून स्टूल आणलं. मी खोकलो. त्यांनी मला पाणी हवंय का विचारलं आणि त्या गुडघ्यांनिशी स्टुलावर चढल्या. पेचकसानं फळी सोडवली, उतरवून बाईंच्या हातात दिली आणि पालथी करायला लावली. मागच्या बाजूला हातकरवतीचे वेडेवाकडे ओरखडे होते आणि मिस्त्रीनं शिसपेन्सिलीनं घातलेला आकडा.

“मधल्या घराची ही. पोत्यात गुंडाळून हातगाडीवरून आणलीय मी, कोपरा मोडू नये म्हणून गाडी ढकलत नव्हते, धरून चालत होते. मशीन असं कापतं? दाखवा मला तुमचं मशीन.”

बाईंनी फळीवरून हात फिरवला. त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी हळू आवाजात विचारलं की बाकीचंही असंच आहे का. आणि मग ताई थांबल्याच नाहीत. दाराची चौकट दाखवली, तिच्यातली लाकडी खुंटी दाखवली. बिजागरीला तेल लावून आवाज ऐकवला. कौल काढून त्यावरचा शिक्का दाखवला, मग दुसऱ्या घरच्या कौलावरचा तोच शिक्का त्याच्या शेजारी धरला. मी पुन्हा खोकलो. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत त्यांचं काम कोणी असं एकेक नग हातात घेऊन बघितलं नव्हतं.

“म्हणजे नवीन काहीच घातलं नाहीत तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“एक स्क्रू दाखवा नवा.”

बाईंनी ते लिहून घेतलं. अधिकाऱ्यानं चहा संपवला. दोघांनी ताईंना वाकून नमस्कार केला, अगदी मनापासून, आणि ते गेले.

ताई जोत्याच्या पायरीवर बसल्या. फळी अजून मांडीवरच होती.

“हिशेबनीस,” त्या म्हणाल्या, “काय करून बसले हो मी?”

मी स्टूल आत नेऊन ठेवलं. बाहेर आलो तेव्हा म्हणाल्या, “पण तिनं नक्कल म्हटलं.”

उत्तर दसऱ्याच्या सुमारास आलं. अर्ज नामंजूर. शिवाय घराचा दर्जा एक पायरीनं वर. कारण असं दिलं होतं की नष्ट झालेल्या चार घरांचे अस्सल अवशेष या एकाच घरात शाबूत आहेत, त्यामुळे त्याचं मोल आता पाचही घरांचं आहे. ताईंनी वाचून कागद माझ्याकडे दिला. “नोकरीत असताना बढती दिली नाही कोणी,” त्या म्हणाल्या. “आता मिळाली.”

डॉक्टरांनी दुसरीकडे जागा घेतली. फ्लॅटचा इसार बिल्डरनं परत केला, तेवढा तो माणूस बरा. भावानं फोनवर सांगितलं की बघ, मी म्हणत होतो, किंमत वाढतेय.

दर्जा वाढल्यावर रविवारी सकाळी जुनी घरं बघत फिरणारा एक गट गल्लीत यायला लागला. चांगली मुलं-माणसं, पायांत बूट, गळ्यात कॅमेरे. एका रविवारी ताई नेहमीप्रमाणे टॉवेल आणि पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडल्या तेव्हा गट समोरच उभा होता आणि त्यांना माहिती सांगणारा मुलगा मालकीणबाईंच्या घरावरच्या प्रेमाबद्दल बोलत होता. कॅमेरा लावलेला एक जण म्हणाला, “आजी, जरा बाजूला होता का? मध्ये येताय.”

त्या बाजूला झाल्या. फोटो निघेपर्यंत भिंतीला लागून उभ्या राहिल्या. मग आमच्याकडे आल्या. बायकोला हसत हसत सांगितलं की आज मी माझ्याच घराच्या आड आले. बायको हसली नाही. त्यानंतर त्या रविवारी येईनाशा झाल्या. रविवारची आंघोळ घरी करते म्हणाल्या, एक दिवसानं काही बिघडत नाही.

पौषातल्या अशाच एका रविवारी गट फाटकाशी होता. मुलगा उंच जोत्याविषयी सांगत होता. मागच्या अंगणात ताई पडलेल्या होत्या. गटातल्या एका मुलीला हाकेसारखं काहीतरी ऐकू आलं म्हणून ती वळसा घालून मागे गेली. आम्ही दोघं गॅलरीत चहा पीत होतो. आम्हाला छप्पर दिसत होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्पितळात वास्तुविशारद बाई भेटायला आल्या. द्राक्षं आणली होती. खूप वेळ बसल्या, काही हवं का म्हणून दोनदोनदा विचारलं. ताई डोळे मिटून पडून राहिल्या. बाई गेल्यावर मला म्हणाल्या, “बाई चांगली आहे. तिनं तिचं काम केलं. मी माझं केलं. म्हणून तर हे असं झालं.”

भाऊ त्यांना पुण्याला घेऊन गेला. नववा मजला, दोन लिफ्ट, खोलीला लागून बाथरूम. त्यांना पलंगावरून उतरता येत नव्हतं.

बायकोला त्यांचा अधूनमधून फोन यायचा. माझ्याशी त्या एकदाच बोलल्या, शिमग्याच्या आसपास. मी आपला हिशेब दिल्यासारखं सांगायला लागलो की वाऱ्यानं आढ्याजवळची बरीच कौलं सरकलीत, दोन खाली आलीत, पण काळजी नको, पावसाआधी शाकारून घेऊ.

“नका घेऊ,” त्या म्हणाल्या.

“पाणी येईल आत, ताई.”

“येऊ दे.” मग एकेक सांगत गेल्या. “कौलं गेली की वासे जातात. वासे गेले की भिंत धरत नाही. मग त्यांना बघायला काही राहत नाही. माझ्या हातानं ते उभं राहिलं इतकी वर्षं. आता माझा हात नाही त्याच्यावर. तुम्ही तुमचा लावू नका.”

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. त्यांनी बायकोला फोन द्यायला सांगितलं.

चैत्रात त्या गेल्या. आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. भाऊ रडला. मग जिन्यात मला बाजूला घेऊन घराकडे लक्ष ठेवा म्हणाला. पैशांचं काही बोलला नाही.

दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पेठकडचा एक कारागीर आपल्या साडूला घेऊन यायचा आणि ताईंचं छप्पर शाकारून जायचा. फुटकं कौल काढून चांगलं बसवायचं, सरकलेलं जागेवर आणायचं, असं ते काम. त्याला बोलवावं लागत नसे. यंदाही तो आला. मी गॅलरीतून पाहिलं तेव्हा त्यानं शिडी भिंतीला लावून झाली होती. मी लिफ्टची वाट न बघता खाली गेलो.

“ताई नाय का?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो जोत्यावर बसला. साडू शिडी धरून उभा होता तसाच उभा राहिला. काय झालं होतं, कुठं झालं, शेवटी कोण होतं, हे सगळं त्यानं विचारून घेतलं. मग उठला आणि टोपी घातली.

“आजचा दिस त्यांच्या नावानं करतो, साहेब. पैसं नको.”

“नको करूस,” मी म्हणालो.

“लय सरकलीत. हितनंच दिसतंय. पानी येल आत.”

“माहीत आहे.”

“मंग?”

“त्यांनीच सांगितलंय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मी खोटं बोलत असेन असं त्याला वाटलं असावं. घराला टपलेली माणसं त्यानंही पाहिली असतील. मग त्यानं छपराकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश.

“ताईंनी सांगितलं?”

“हो.”

त्यानं साडूला खूण केली. दोघांनी शिडी उतरवली आणि आडवी करून खांद्यावर घेतली. मी पाकीट काढलं. तो घेईना. कामच नाय केलं तर कशाचं, म्हणाला. मलाही ते पटत होतं. न झालेल्या कामाचा एक रुपया मी नोकरीत कधी मंजूर केलेला नाही. पण दोघं पहाटेपासून निघून आले होते आणि दिवस मोडला होता. शेवटी मी ताईंचं नाव घेतलं तेव्हा त्यानं हात पुढे केला.

कारागिराला नऊशे रुपये, त्याच्या साडूला सातशे, आणि दोघांचं पेठपर्यंतचं बसभाडं. रोख, माझ्या खिशातून. छपराला कोणी हात लावला नाही.